स्टँड हलला असेल म्हणे!

मित्रांनो, फोटो सुंदर आला की लोक कॅमेऱ्याची तारीफ करतात, नाहीतर फोटो काढणाऱ्याच्या पाठीवर थाप मारतात. कॅमेऱ्याच्या खाली, वाऱ्यात आणि गारठ्यात, तीन पायांवर कोण उभे होते हे आजवर एकाही माणसाने विचारलेले नाही. तो मी. मी कॅमेऱ्याचा जुना लाकडी स्टँड आहे. साठी ओलांडली, तिन्ही पाय धड आहेत, फक्त स्वभाव तेवढा चिडका झाला आहे. तो कशाने झाला हे ऐकाल, तर तुम्हीही कपाळाला हात लावाल.

मला एका सुताराने घडवले. तो खुर्च्या-टेबले करणारा माणूस. कॅमेऱ्याचा स्टँड त्याने जन्मात पाहिला नव्हता. फोटोस्टुडिओच्या मालकाने त्याला कागदावर चित्र काढून दिले. सुताराने सरळ रेषांचे चिवट लाकूड निवडले आणि वर्षभर सावलीत वाळवले. मालक दर आठवड्याला विचारायला यायचा. सुतार म्हणायचा, "लाकडाला घाई चालत नाही. तुम्हाला घाई असेल तर बांबू घ्या." शेवटी मी तयार झालो. पितळी स्क्रू, पायांना टोकदार लोखंडी टोपणे आणि डोक्यावर पितळी बैठक. त्या बैठकीत बोटाच्या पेराएवढी पाणसळ बसवलेली. काचेच्या छोट्या नळीत पाणी आणि त्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध असला की मी सपाट उभा आहे असे समजायचे. मला सोपवण्याआधी सुतार माझ्यावर दोन्ही हात टेकून सगळा भार टाकून लोंबकळला. मग म्हणाला, "हा नाही हलायचा. तुमची गिऱ्हाइकं हलतील."

आणि तसेच झाले. स्टुडिओत मालक दिवसभर एकच वाक्य बोलायचा, "हलू नका!" लोक हलायचे. नवरदेव कॉलर नीट करायचा, नवरी हसायची, कुणाचे काका ऐन वेळी शिंकायचे. लहान बाळे तर हलण्यासाठीच जन्माला आलेली. त्या दुकानात मालकाचे ऐकणारा मी एकटाच. एकदा सहा जणांचे कुटुंब तिसऱ्यांदा हलल्यावर मालकाने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "इथे शहाणा हा एकच." आयुष्यात मला मिळालेली शाबासकी म्हणाल, तर ती एवढीच.

मालकाला एक मुलगा आणि एक मुलगी. मुलाला दुकानात रस नव्हता. मुलगी मात्र माझ्या तीन पायांच्या मध्ये बसून मोठी झाली. पुढे भावाच्या मुली तिला आत्या म्हणू लागल्या, आणि बघता बघता सगळी गल्लीच तिला आत्या म्हणू लागली. वडील गेल्यावर स्टुडिओ तिने चालवला. त्याच सुमारास बाजारात हलके, चंदेरी, काडीसारखे स्टँड आले. आत्याने एक विकत आणला आणि मला माळ्यावर टाकले. नऊ वर्षे मी जुन्या चौकटी आणि तुटक्या पंख्याच्या संगतीत आडवा पडून होतो. उभे राहण्यासाठी घडवलेल्याला आडवे ठेवणे यासारखा दुसरा अपमान नाही. पण ते असो.

मला पुन्हा खाली आणले ते टेकडीने.

आमच्या शहराच्या बरोबर मध्ये एक टेकडी आहे. रस्ते तिला वळसा घालून जातात. माथ्यावर झाडी, मधल्या उतारावर एक दिव्याचा खांब आणि तीन झाडे, आणि पायथ्याशी पत्र्याच्या घरांची वस्ती. थंडीत आणि पावसाळ्यात पहाटे तिथे धुके उतरते. आत्याचे वडील सांगायचे की वर्षातून एखाद्या सकाळी धुके फक्त पायथ्याशी बसते. मग टेकडी शहरापासून सुटते आणि हवेत तरंगते. त्यांनी असे दोनदा पाहिले होते. दोन्ही वेळा कॅमेरा खाली दुकानात. तो घेऊन गच्चीवर पोचेपर्यंत धुके पसार. ते गेले, पण ती हळहळ लेकीला देऊन गेले.

आत्याने ठरवले, तो फोटो आपण काढायचा. आधी चंदेरी स्टँड घेऊन गच्चीवर गेली. वाऱ्यात तो असा कापला की फोटोत टेकडीला हिवताप भरलेला दिसत होता. मग आठवण झाली माझी! मला पुसले, तेल पाजले, पितळी बैठकीवर नवा कॅमेरा बसेल अशी पट्टी लावून घेतली आणि गच्चीवर नेले.

गच्चीवरून टेकडी दिसायची ती एका फटीतून. डावीकडे शेजाऱ्यांची काळी पाण्याची टाकी, उजवीकडे एका हॉटेलची भलीमोठी पाटी. चार बोटे इकडे सरकले की टाकी मध्ये, चार बोटे तिकडे सरकले की पाटी. रोज रोज जागा शोधण्याचा आत्याला कंटाळा आला, म्हणून तिने गच्चीच्या फरशीत माझ्या पायांसाठी तीन छोटी भोके पाडून घेतली.

आत्याचा मोठा भाऊ, म्हणजे दादा, धावतच वर आला. "गच्ची गळेल! अगं, राहत्या घराला भोकं कोण पाडतं?"

त्याच्यामागून वहिनी आल्या. दादाची बायको. स्वयंपाकघरातून थेट, हातात उलथने. म्हणाल्या, "वन्सं, टेकडी काय पळून चाललीय? तिला खिळे मारून ठेवायचे, ते स्टँडला मारताय."

त्या दिवसापासून अकरा वर्षे मी रोज पहाटे त्या तीन भोकांत उभा राहिलो. रोज. आणि मित्रांनो, धुक्यासारखी लहरी वस्तू मी दुसरी पाहिली नाही. कधी इतके यायचे की टेकडी, टाकी, पाटी आणि आत्या सगळेच पांढरे. कधी नुसता धूर, कुणीतरी कचरा जाळलेला. कधी माथ्यावर टोपीसारखे बसायचे, आणि पायथ्याची वस्ती, घरे, वाळत घातलेले कपडे लख्ख उघडे. आत्या चरफडायची, "वर नको रे बाबा, खाली बस, खाली!" धुके काय कुणाच्या बापाचे ऐकते? आणि आत्या ताप येऊन अंथरुणात होती, त्या एका सकाळी ते अगदी हवे तसे बसले होते म्हणे. दूधवाल्याने येऊन सांगितले. आत्या दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

तरीही ती रोज एक फोटो काढायचीच. "फुकट तर फुकट, हात बसलेला राहतो," म्हणायची. वहिनी चहाचा कप कठड्यावर आपटायच्या. "वन्सं, चहा तिसऱ्यांदा गरम केलाय. आता टेकडीलाच पाजा."

वहिनींना टेकडीचा राग येण्याचे आणखी एक कारण होते. त्यांची आई त्या पायथ्याच्या वस्तीत एकटी राहायची. आत्या त्यांना मावशी म्हणे, म्हणून मीही तसेच म्हणतो. मावशींचे यजमान गवंडी होते. सहा वर्षांपूर्वी ते वारले. घर त्यांनी स्वतः बांधलेले, त्यामुळे मावशी ते सोडायला तयार नव्हत्या. लेकीने दर रविवारी जाऊन विनवावे आणि आईने दर रविवारी तिलाच चार गोष्टी सुनावून परत पाठवावे. पालथ्या घड्यावर पाणी.

दोन वर्षांपूर्वी वस्तीच्या खालच्या बाजूला टेकडीचा पाय खणायला सुरुवात झाली. वळणावर नवी इमारत उभी राहत होती, तिच्या गाड्या ठेवायला जागा हवी होती. पिवळ्या यंत्राने सहा महिन्यांत टेकडीचा चांगला मोठा लचका तोडला आणि त्याला टेकू म्हणून सिमेंटची एक भिंत उभी केली. आत्या तेव्हा यंत्राच्या धुळीवर वैतागली होती. त्यापलीकडे काही तिच्या लक्षात आले नाही. माझ्याही नाही, हे कबूल करतो.

यंदा पावसाळ्यात एका दुपारी स्टुडिओत गिऱ्हाईक नव्हते. मी कोपऱ्यात मिटून उभा होतो. वहिनी वेळ घालवायला खाली आल्या आणि कॉम्प्युटरसमोर बसल्या. आत्याचे टेकडीचे सगळे फोटो त्यात तारखेवार होते.

"अकरा वर्षं एकच फोटो," वहिनी म्हणाल्या. "बघू तरी, किती झालेत."

त्यांनी पुढचा फोटो दाखवणारे बटण दाबले आणि दाबूनच धरले. फोटो भराभर पळू लागले. पांढरे, राखाडी, निळे, पुन्हा पांढरे. टेकडी जागेवर, फक्त आकाश लुकलुकत होते. वहिनी हसत होत्या. मग एकदम हसायच्या थांबल्या.

"वन्सं, इकडे या. हा खांब बघा."

"कुठला खांब?"

"उतारावरचा हो, दिव्याचा. आईच्या घराच्या वरचा. हा वाकतोय."

आत्या आली. त्यांनी मागच्या दोन वर्षांचे फोटो पुन्हा पळवले. मग आणखी एकदा. खांब म्हाताऱ्या माणसासारखा हळूहळू पुढे झुकत होता. त्याच्या शेजारची तिन्ही झाडेही. शेवटच्या चार महिन्यांत तर जास्तच. आणि त्यांच्या खाली सिमेंटच्या भिंतीला पोट सुटले होते.

पायथ्याशी एकतीस घरे होती.

दुसऱ्या दिवशी मोठे फोटो छापून दोघी पालिकेच्या ऑफिसात गेल्या. दुपारी परत आल्या तेव्हा वहिनींचा चेहरा लालबुंद होता. पर्स टेबलावर आदळून त्या म्हणाल्या, "दोन तास बाकावर बसवलं. मग तो इंजिनिअर फोटो बघतो आणि म्हणतो काय, फोटो छान आहेत! पण दोन वर्षांत तुमचा स्टँड हलला असेल. रोज लावता, रोज काढता, इकडे-तिकडे व्हायचाच. स्टँड हलला असेल म्हणे!"

मित्रांनो, मी कोपऱ्यात उभा होतो. मी हललो असेन? मी? ज्याच्या अंगावर सुतार लोंबकळला, ज्याच्यासमोर पाच हजार बाळे रडली आणि जो तसूभर सरकला नाही, तो मी? तोंड असते तर त्या साहेबांना तिथल्या तिथे चार शब्द सुनावले असते. तोंड नाही, हीच तर माझी रड आहे.

पण वहिनींना तोंड होते. आणि खांदाही होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला उचलून खांद्यावर टाकले.

आत्या गडबडली. "अहो वहिनी, त्याला कशाला?"

"का म्हणजे? आळ त्याच्यावर आलाय. साक्ष त्यानेच द्यायची."

आम्ही बसने गेलो. माझे पाय दोन प्रवाशांच्या मांडीवर गेल्यामुळे कंडक्टरने माझे अर्धे तिकीट फाडले. ऑफिसात वहिनी बाकावर बसल्याच नाहीत. थेट इंजिनिअरच्या टेबलासमोर गेल्या, फरशीच्या सांध्यांत माझी टोके रोवली आणि म्हणाल्या, "हा स्टँड. हलवून दाखवा."

इंजिनिअर चष्मा लावलेला, थकलेला माणूस. टेबलावर फायलींचा डोंगर. आधी त्यांनी मला दोन बोटांनी ढकलले. मग एका हाताने. मग उठून दोन्ही हातांनी. शेजारचा कारकूनही मदतीला आला.

"हलला?" वहिनींनी विचारले.

"नाही, पण बाई, तो गच्चीवर..."

आता आत्या पुढे झाली. ती एरवी मोठ्या आवाजात बोलत नाही. तिने दोन फोटो टेबलावर ठेवले. "साहेब, ही शेजारची टाकी बघा. दोन्ही फोटोंत तिची कड कुठे आहे? एकाच जागी. ही हॉटेलची पाटी, तीही जागेवर. टेकडीचा माथा जागेवर. स्टँड हलला असता तर हे सगळंच हललं असतं ना? खांब, तीन झाडं आणि भिंत, एवढंच का हललं?"

इंजिनिअरनी दोन्ही फोटो उचलले आणि खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. उजेडात दोन टाक्यांची एक टाकी झाली, दोन पाट्यांची एक पाटी झाली. खांब मात्र दोन राहिले.

"हे आधी का नाही दाखवलंत?" इंजिनिअर म्हणाले.

"काल दाखवलं!" दोघी एकदम ओरडल्या.

एवढे मात्र खरे की त्यानंतर त्या माणसाने वेळ घालवला नाही. तो त्याच दुपारी टेकडीवर चढला. खांबाच्या मागे गवतात त्याला हात जाईल एवढी भेग सापडली. दुसऱ्या दिवशी वस्तीत नोटिसा लागल्या, की चार दिवसांत घरे रिकामी करा, शाळेत राहण्याची सोय केली आहे. लोकांनी कुरकुर केली, शिव्या दिल्या, पण भेग बघून आले आणि सामान बांधू लागले.

मावशी सोडून.

"तो खांब लावला तेव्हापासून वाकडा आहे," मावशींनी सांगितले. "लावणारा मुकादमच वाकडा होता."

वहिनींनी फोटो दाखवले. मावशी म्हणाल्या, डोळ्यांना नीट दिसत नाही. भेग दाखवायला नेतो म्हटले, तर म्हणाल्या, गुडघे दुखतात. दादाने समजावले, इंजिनिअर स्वतः येऊन समजावून गेले. मावशींनी त्यांना चहा दिला आणि वाटेला लावले. चौथ्या दिवशी वहिनी घरी येऊन चक्क रडल्या. "मी हात टेकले, वन्सं. तिला ओढून काढायचं का आता?"

पाचव्या दिवशी सकाळी आत्या मला घेऊन एकटीच वस्तीत गेली. तीन दिवस बारीक पाऊस लागून राहिला होता. तिने मला मावशींच्या अंगणात उभे केले आणि दगडाने ठोकून माझी टोके जमिनीत बसवली. मग माझ्या डोक्यावरची पाणसळ मावशींना दाखवली. "मावशी, हा बुडबुडा मधोमध आहे ना?"

"आहे की. गवंड्याच्या बायकोला पाणसळ शिकवतेस होय?"

"संध्याकाळपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही. बुडबुडा मध्ये राहिला, तर मी पुन्हा शब्द काढणार नाही. वहिनीही काढणार नाहीत."

"बरं. मग उभा राहू दे. तू आत ये, भिजशील."

मी उभा राहिलो. मित्रांनो, उभे राहणे हे माझे काम, त्यात मी कधी कुचराई केली नाही. पण त्या दिवशी दुपारनंतर मला काहीतरी वेगळेच जाणवू लागले. माझा टेकडीकडचा पाय आपोआप वर उचलला जात होता. उताराकडचे दोन्ही पाय खाली खाली चालले होते. आवाज नाही, धक्का नाही. झोपेत कुणी कूस बदलावी तशी ती जमीन कूस बदलत होती. मी सगळा जोर लावला. काही उपयोग झाला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी हललो.

मावशी दर अर्ध्या तासाने बाहेर यायच्या. दोरीवरचे कपडे चाचपल्यासारखे करायच्या आणि तिरक्या नजरेने माझ्याकडे बघायच्या. चार वाजता त्या चष्मा लावून आल्या. बुडबुडा नळीच्या एका टोकाला जाऊन चिकटला होता.

मावशी घरात जाऊन यजमानांची जुनी पाणसळ घेऊन आल्या. हातभर लांबीची, कडा झिजलेली. ती त्यांनी स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर ठेवली आणि वाकून पाहिले. कितीतरी वेळ वाकूनच होत्या.

"हा उंबरा बसवला तेव्हा मी दिवा धरून उभी होते," त्या म्हणाल्या. "बुडबुडा मध्ये येईना तोवर त्यांनी मला जेवू दिलं नव्हतं." मग पाणसळ पदराने पुसून पिशवीत ठेवली. "चल."

दोन जोड कपडे, एक गोधडी आणि ती पाणसळ. मावशींनी निळ्या दाराला कुलूप लावले आणि एकदा ओढून पाहिले. आत्याने मला खांद्यावर घेतले. टेकडीवरून उतरताना कोणी मागे पाहिले नाही.

दोन दिवसांनी पहाटे पाऊस थांबला. आत्या सवयीने मला घेऊन गच्चीवर गेली, माझे पाय भोकांत बसवले, कॅमेरा चढवला आणि मान वर केली. धुके पायथ्याशी बसले होते. फक्त पायथ्याशी. वस्ती नव्हती, भिंत नव्हती, रस्ता नव्हता. टेकडी हवेत तरंगत होती आणि तिच्या माथ्यावरच्या झाडांना नुकतेच ऊन लागत होते. अकरा वर्षे! आत्याने श्वास रोखला आणि बोट बटणावर ठेवले.

तेवढ्यात त्या पांढऱ्या धुक्याच्या आतून आवाज आला. शंभर ट्रक एकदम खडी ओततात तसा. बराच वेळ तो आवाज चालला. वरची टेकडी तशीच सुंदर, तशीच शांत. खाली काय चालले होते ते काहीच दिसत नव्हते.

बटण दाबायला अर्धा क्षण पुरला असता. आत्याने बोट काढले आणि अनवाणी जिन्याकडे धावली. जाता जाता ओरडली, "वहिनी! मावशी कुठे आहेत? मावशी घरात आहेत ना?"

खालून मावशींचा आवाज आला, "इथे आहे, ओरडू नकोस!"

मी टेकडीकडे तोंड करून एकटाच उभा राहिलो. थोड्या वेळाने धुके विरले. उतारावर एक लांबच लांब लाल जखम दिसत होती. खांब नव्हता. तीन झाडे नव्हती. फोटो निघाला नाही, याचा त्या दिवशी मात्र मला मुळीच राग आला नाही.

सात घरे गेली. सगळी रिकामी होती, एक सोडून. वस्तीतला शिंपी पहाटे गुपचूप आपले मशीन आणायला परत गेला होता. त्याचा पाय मोडला. लोकांनी त्याला बाहेर काढले, आणि त्याच्या हट्टापायी मशीनही काढले. तीन महिन्यांत तो पुन्हा मशीन चालवू लागला. वर्तमानपत्रात इंजिनिअरसाहेबांचा फोटो आला. खाली लिहिले होते, "काही छायाचित्रांच्या मदतीने धोका ओळखला." स्टँडचे नाव कुठेही नाही. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाट पाहिली.

मावशींचे घर त्या सातांत होते. आता त्या आमच्याकडे राहतात. पहिला महिनाभर त्या कोणाशी धड बोलल्या नाहीत. दुपारी स्टुडिओत येऊन गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसायच्या आणि रस्त्याकडे बघत राहायच्या. एके दिवशी त्यांनी आत्याला हळूच विचारले, "तू एवढे फोटो काढतेस. माझ्या घराचा एखादा असेल का गं?"

आत्याने ते घर फोटोत कधी मागितलेच नव्हते. पायथा झाकला जावा म्हणून तर ती अकरा वर्षे झुरली. मग ती उठली आणि तिने जुने, फुकट गेलेले फोटो उघडले. ज्या दिवशी धुके वर बसले आणि वस्ती उघडी पडली, ते सगळे. खालचा डावा कोपरा तिने मोठा केला, आणखी मोठा केला. ठिपके दिसू लागले. त्या ठिपक्यांतून एक निळे दार झाले. पाण्याचे पिंप झाले. कपड्यांची दोरी, आणि दोरीपाशी हात उंचावून उभी एक बाई.

"ही मी?" मावशी म्हणाल्या.

पुढच्या फोटोत त्या होत्या. त्याच्या पुढच्यातही. रोज पहाटे त्या कपडे वाळत घालायला बाहेर यायच्या, आणि रोज पहाटे आत्या बटण दाबायची. दोघींना एकमेकींचा पत्ता नव्हता. आत्या मागे मागे जात राहिली. सहा वर्षे मागे, सात वर्षे मागे. एका फोटोत घराच्या पत्र्यावर कुणीतरी ओणवे बसले होते.

मावशी खुर्चीतून उठल्या आणि पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "पत्रा बसवतायत. मी खालून ओरडतेय, उतरा म्हणून. ऐकतायत का बघ!"

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्या दुपारी दोन गिऱ्हाइके आली आणि तशीच परत गेली. त्यांच्याकडे कोणाचे लक्षच नव्हते.

तर मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. आत्या अजून त्या फोटोची वाट बघते आणि मी अजून रोज उभा राहतो. माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुम्ही जे रोज बघता, ते एखाद्या दिवशी नीट बघा. खांब असो, भिंत असो, म्हातारे माणूस असो. ते झुकायला लागले तर ओरडून सांगत नाही. कुणीतरी जागेवर थांबून बघावे लागते. आणि कुणी बघून सांगितले, तर निदान स्टँडला दोष देऊ नका.

आणखी एक. मावशी हल्ली बोलू-हसू लागल्या आहेत, त्याचा मला आनंद आहे. पण कालपासून त्यांनी आपला ओला टॉवेल माझ्यावर वाळत घालायला सुरुवात केली आहे. लाकूड फुगते, टोके गंजतात. कोणीतरी त्यांना सांगा हो. मला बोलता येत नाही. मला फक्त उभे राहता येते.